समारोप, सांगता की समाप्ती? निमंत्रणपत्रिकेतील एका शब्दाविषयी

दाखलनोंद यांची विचारणा

सर्व सभासदांस नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाला शंभर वर्षे पूर्ण झाली असून, वर्षभर चाललेल्या शताब्दी कार्यक्रमांतील शेवटचा कार्यक्रम पुढील महिन्यात होणार आहे. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी पहिल्याच ओळीत अडकलो. अध्यक्षांना ‘शताब्दी वर्ष सांगता समारंभ’ हवा आहे आणि कार्यवाहांना ‘समारोप सोहळा’. मी मात्र ‘शताब्दी वर्ष समाप्ती’ असे लिहिले होते. ते वाचून आमचे कोषाध्यक्ष, जे एरवी बैठकीत जमाखर्चापलीकडे अवाक्षर काढत नाहीत, चटकन म्हणाले, ‘‘अहो, हे वाचून लोकांना वाटेल की ग्रंथालयालाच कुलूप लागते आहे.’’ छापखान्याच्या मालकांनी वाद कानावर येताच ‘सांगता समारोप सोहळा’ असे सर्वांचे समाधान करणारे मुद्रित परस्पर तयार करून पाठवले, आणि आता ते माझ्या टेबलावर पडून आहे.

हे तिन्ही शब्द मी आजवर एकाच अर्थाने वापरत आलो. त्यांत खरोखर भेद आहे, की प्रत्येकाने आपापल्या कानाला गोड लागणारा शब्द उचलला आहे, हे येथील जाणकारांनी कृपया सांगावे.

याच निमित्ताने आणखी दोन गोष्टी विचारतो. स्मरणिकेसाठी मी ग्रंथालयाची जुनी इतिवृत्ते चाळत होतो. पहिली वही लाल खारव्याच्या बांधणीची असून तिच्यातील प्रत्येक सभेचा वृत्तांत ‘येणेप्रमाणे काम होऊन सभा उठली’ या एकाच वाक्याने संपतो. पुढे नवे चिटणीस आले, अक्षर बदलले, आणि त्याबरोबर ‘सभा उठली’ जाऊन ‘सभा बरखास्त करण्यात आली’ असे येऊ लागले. हा केवळ चिटणिसांच्या आवडीचा प्रश्न असावा काय? दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. स्मरणिकेत हयात नसलेल्या सभासदांची यादी द्यावयाची आहे आणि तिच्यात सर्व धर्मांची माणसे आहेत. सर्वांच्या नावामागे ‘कै.’ लावावे, असे एका सदस्यांचे मत आहे. मला ते पटत नाही, परंतु दुसरे काय लावावे हेही सुचत नाही.

षष्ठ्यंत

आपल्या अध्यक्षांनी सुचवलेला शब्द चांगला आहे, परंतु तो वापरण्यापूर्वी त्यांनी मनाशी एक हिशेब करावा. ‘सांगता’ या शब्दाचा ‘सांगणे’ या क्रियापदाशी काही संबंध नाही. स म्हणजे सह आणि अंग म्हणजे अवयव. सर्व अंगांसह जे आहे ते ‘सांग’, आणि त्याचे भाववाचक नाम ‘सांगता’. ‘सांगोपांग चर्चा’ असे आपण म्हणतो त्यातही हेच ‘सांग’ आहे. धार्मिक विधीच्या अखेरीस ‘कृतस्य कर्मणः साङ्गतासिद्ध्यर्थम्’ असे म्हणून दक्षिणा देतात, त्याचा अर्थ असा की, केलेल्या कर्माचे एखादे अंग उणे राहिले असल्यास ते भरून निघावे आणि कर्म पूर्णांग व्हावे. म्हणजे सांगता हा मुळात शेवटाचा शब्दच नाही. तो पूर्णतेचा शब्द आहे, आणि पूर्णता शेवटी येते म्हणून तो शेवटाच्या जागी जाऊन बसला. शताब्दी वर्षासाठी जे जे योजले होते ते सर्व झाले असेल, तर खुशाल ‘सांगता’ छापावे. अर्धे राहिले असेल तर तो शब्द छापणे म्हणजे न केलेल्या कामाची पावती फाडणे होय.

‘समारोप’ची गोष्ट निराळी आहे. सम् आणि आ हे उपसर्ग लागलेल्या ‘रुह्’ धातूचे हे प्रयोजक रूप असून त्याचा संस्कृतातील अर्थ ‘वर चढवणे, एकाचे दुसऱ्यात ठेवणे’ असा आहे. अग्निहोत्री मनुष्य प्रवासाला निघताना आपल्या वेदीतील अग्नी अरणींमध्ये ‘समारोपित’ करीत असे, म्हणजे त्या लाकडांत तो मंत्राने ठेवून दिला जाई आणि मुक्कामी पोहोचल्यावर मंथन करून पुन्हा प्रज्वलित केला जाई. मराठीत आज समारोप म्हणजे चर्चेचे वा कार्यक्रमाचे धागे एकत्र बांधून केलेला शेवट. तरीही त्या अरणीतील अग्नीची आठवण मला हा शब्द ऐकताना नेहमी होते. वेदी रिकामी होते, अग्नी विझत नाही. आपल्या कोषाध्यक्षांच्या शंकेला यातून परस्पर उत्तर मिळते.

‘समाप्ती’त अशुभ असे काही नाही, पण कोषाध्यक्षांचा कान चुकलेला नाही. समाप्ती ही नुसती नोंद आहे. जे होते ते आता नाही, एवढेच ती सांगते. म्हणून ‘मुदत समाप्ती’, ‘करार समाप्ती’ हे शब्दप्रयोग जसे सहज वाटतात तसा ‘उत्सव समाप्ती’ वाटत नाही.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. कोणी ‘इतिश्री’ सुचवल्यास ती हात जोडून नाकारावी. जुन्या पोथ्यांत प्रत्येक अध्यायाच्या शेवटी ‘इति श्री...’ अशी सुरुवात करून ग्रंथाचे व अध्यायाचे नाव देण्याची रीत होती. गीतेच्या अठराही अध्यायांअखेर ते वाक्य येते. म्हणजे मूळची इतिश्री अध्यायागणिक होणारी, साधी आणि सात्त्विक. आज मात्र ‘दोन झाडे लावून कर्तव्याची इतिश्री केली’ अशा टोमण्याखेरीज ती फारशी आढळत नाही.

मोडीवाचक

षष्ठ्यंत सरांनी पहिला प्रश्न सोडवलाच आहे, म्हणून मी इतिवृत्ताच्या वहीकडे वळतो. आपल्या दोन चिटणिसांत वरवर दिसतो तेवढा फरक नाही. ‘बरखास्त’ हा शब्द फारसीतील असून त्या भाषेत ‘बरखास्तन्’ म्हणजे उठणे. पहिल्या चिटणिसांनी ‘सभा उठली’ लिहिले आणि दुसऱ्यांनी तेच फारसीत लिहिले. बसलेली माणसे उठली की सभा संपली, हे चित्र दोन्हीकडे एकच आहे. आपल्याकडे पंगत उठते, आठवडी बाजार उठतो, मैफलीची बैठक उठते. शब्द फारसी झाला तसा थोडा करडा मात्र झाला. आज सभा उठते ती आपण होऊन, पण बरखास्त होते ती कोणाच्या तरी हुकमाने, आणि समिती बरखास्त झाली असे वाचले की आपल्याला त्यामागे वरून आलेला कागद दिसू लागतो.

कागदाचा विषय निघालाच आहे, तर ज्याचे मला सर्वाधिक अप्रूप आहे तो शेवटाचा शब्द येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वाचतो, परंतु त्यात दोन वेगवेगळ्या मुद्रा आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. मराठेशाहीतील अधिकृत पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ या शब्दाने आरंभ होणारी राजमुद्रा असते, तर मजकुराच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहान मुद्रा उमटवलेली दिसते. ‘ही मर्यादा शोभते आहे’ हा तिचा अर्थ. पुढील काळात ‘लेखनसीमा’ हा शब्दही याच कामासाठी येतो. मर्यादा, सीमा, हे दोन्ही शब्द जमिनीच्या हद्दीचे आहेत, आणि कागदावरही त्यांचे काम हद्दीचेच होते: येथपर्यंतचा मजकूर आमचा, याच्या पुढे कोणी ओळ घुसडल्यास ती आमची नव्हे. धनादेशावर आपण आजही ‘रुपये पाच हजार फक्त’ असे लिहितो, तो ‘फक्त’ हा त्या मुद्रेचा गरीब वंशज म्हणावा लागेल.

मोडी कागद वाचताना पहिले काही महिने मला मजकुरातील निम्मी अक्षरे लागत नसत, पण शेवटचे ‘जाणिजे’ आणि ‘मोर्तब सुद’ मात्र लांबूनच ओळखू येई. शेवट कळला की मनुष्य मागे मागे जात उरलेला कागद लावू शकतो.

कृष्णाकाठ

वरील दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला. तरी सगळे शब्द पोथीतून आणि दप्तरातून येत आहेत असे वाटल्यामुळे शिवारातले थोडे सांगतो. माझी उमेद एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती विभागात गेली. तेथे हंगामाची सुरुवात गव्हाणीत मोळी टाकून होते आणि तिचा मांडव, पूजा, पाहुणे, भाषणे असा मोठा थाट असतो. हंगाम संपतो तेव्हा नोटीस फलकावर ‘गाळप हंगामाची सांगता’ असे लिहिलेले असते खरे, पण गावात कोणी तसे म्हणत नाही. गावात म्हणतात, ‘‘कारखान्याचा पट्टा पडला.’’ एवढ्या तीन शब्दांत रस्त्यावरच्या ट्रॉल्या थांबतात, धुराडे थंड होते आणि ज्याचा ऊस अजून फडात उभा आहे त्याच्या पोटात गोळा येतो. मी पट्टा पडल्याच्या संध्याकाळी कारखान्याच्या आवारात उभा राहिलेलो आहे. पाच महिने रात्रंदिवस कानात भरलेली घरघर अचानक थांबली की आधी कान दुखतात, मग लांबवरच्या कुत्र्याचे भुंकणे ऐकू येऊ लागते.

परंतु पट्टा पडला म्हणजे सर्वांचाच हंगाम संपला असे नाही, आणि हे मला शब्दांच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. ऊसतोडणीला आलेली जोडी हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेऊन आलेली असते. तिचा हंगाम संपतो तो उचल फिटली म्हणजे. कारखान्याचा पट्टा पडला तरी उचल फिटली नसेल, तर ती पुढच्या वर्षाच्या माथी बसते. ‘फिटणे’ हा आपल्या भाषेतील एक अत्यंत नेमका शेवट आहे. कर्ज फिटते, पांग फिटतात, नवस फेडला जातो. जे अंगावर होते ते उतरले, असा त्यात सुस्कारा आहे. गावच्या सोसायटीत कर्ज फिटल्यावर मिळणाऱ्या कागदाला ‘बेबाकी दाखला’ म्हणतात. मोडीवाचक साहेबांना यातले ‘बाकी’ आणि ‘बे’ ताबडतोब ओळखू आले असतील. घरात तो दाखला आला त्या दिवशी आमच्या वडिलांनी तो देवापुढे ठेवला होता, हळदकुंकू वाहून.

नदीकाठचा असल्यामुळे आणखी एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. लग्न ‘पार पडते’, काम ‘तडीस जाते’, एकादशीचा उपवास द्वादशीला ‘पारणे’ करून सुटतो. पार म्हणजे पलीकडचा काठ आणि तड म्हणजेही काठ. तेव्हा काम पुरे होणे हे आपल्या पूर्वजांना नदी उतरून जाण्यासारखे वाटत असले पाहिजे. पूल नव्हते, नावा होत्या, आणि पावसाळ्यात कृष्णेचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना ‘लग्न एकदाचे पार पडले’ या वाक्यातील ‘एकदाचे’ समजावून सांगावे लागत नाही.

वऱ्हाडकर

कृष्णाकाठ यांच्या ‘पट्टा पडला’ला आमच्या भागातून एक जोड देतो. कापसाची वेचणी आटोपून शेते रिकामी होऊ लागली की आम्ही ‘उलंगवाडी झाली’ असे म्हणतो. पश्चिमेकडील मित्रांना हा शब्द सांगितला की ते एखाद्या गावाचे नाव समजतात. आमच्याकडील वर्तमानपत्रांत मात्र तो मथळ्यात येतो आणि ‘यंदा दिवाळीपूर्वीच उलंगवाडी’ असा मथळा असेल तर बातमी वाचायची गरजच नसते. बोंडअळीने किंवा पावसाने हंगाम खाल्ला हे त्या ‘पूर्वीच’वरून कळते. वेळेवर झालेली उलंगवाडी ही विसाव्याची गोष्ट आहे, लवकर झालेली उलंगवाडी हे संकट आहे, आणि शब्द एकच.

याउलट, हंगाम संपला हे मान्य न करण्यालाही आमच्याकडे शब्द आहे. वेचण्या झाल्यावर पऱ्हाटी उपटून न टाकता तिला पाणी देऊन आणखी थोडा कापूस काढायचा, याला फरदड घेणे म्हणतात. कृषी विभाग ‘फरदड घेऊ नका’ असे दर वर्षी सांगतो, कारण शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळीला खाणे आणि आसरा मिळत राहतो आणि ती पुढच्या हंगामात पोहोचते. तरीही ज्याच्याकडे पाणी आहे त्याचा हात पऱ्हाटी उपटायला धजत नाही. आपल्या शताब्दी समितीनेही कार्यक्रम आणखी सहा महिने लांबवला असता, तर त्याला मी फरदड म्हटले असते. राग नसावा.

माजघर

आपण सर्वांनी शेवटाचे शब्द सांगितले. मला शेवट न उच्चारण्याच्या शब्दांविषयी लिहावेसे वाटते, कारण घरात बायकांनी ते अधिक सांभाळले आहेत. हातातली बांगडी फुटली तर ‘फुटली’ म्हणायचे नाही, ‘वाढवली’ म्हणायचे. मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी ते ‘वाढवले’. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. निघताना ‘जाते’ म्हणायचे नाही, ‘येते’ म्हणायचे; माझ्या सासूबाई तर फोन ठेवतानाही ‘येते हं’ म्हणत. लहानपणी मला हा निव्वळ वेडेपणा वाटे. आता असे वाटते की जी गोष्ट संपू नये असे मनापासून वाटते तिच्यापुरता आपण शब्द उलटा धरतो, एवढेच.

तिसऱ्या दिवशी गौरी जातात तेव्हाचे उदाहरण घ्या. पंचांगात त्याला मूळ नक्षत्रावरील गौरी विसर्जन म्हटलेले असते, आमच्या घरात मात्र ‘गौरींची बोळवण’ म्हणतात. बोळवण लेकीची करतात. तिच्या ओटीत तांदूळ घालायचे, वाटेवर दहीभात बांधून द्यायचा आणि पुढच्या वर्षी यायला सांगायचे. गणपतीचेही तसेच. उत्तरपूजा झाली की मूर्तीवर अक्षता टाकून ती जागेवरून किंचित हलवतात. पूजा तेव्हाच संपलेली असते, बाकी सगळी मिरवणूक म्हणजे निरोप. आणि त्या वेळच्या श्लोकाचा शेवट ‘पुनरागमनाय च’ असाच आहे. व्रताचा शेवट मात्र खराखुरा शेवट असतो. सोळा सोमवार झाले की उद्यापन करायचे, आणि ज्या व्रताचे उद्यापन केले नाही ते डोक्यावर राहते असे मानतात. कृष्णाकाठ दादांची न फिटलेली उचल वाचताना मला तेच आठवले.

दाखलनोंद यांना एक व्यावहारिक सूचना करते. त्या कार्यक्रमात कोणाचा सत्कार असेल आणि त्यात श्रीफळ देणार असाल, तर पत्रिकेत ‘शाल व श्रीफळ देऊन’ असेच पूर्ण छापावे. आपल्या भाषेत नारळ फोडला की कामाची सुरुवात होते आणि हातात नारळ दिला की मनुष्याची नोकरी जाते. फळ तेच, पण घोटाळा होऊ नये.

तहकुबी

थोडक्यात भर घालतो. विधिमंडळाच्या कामकाजात शेवटाचे तीन टप्पे असून त्यांच्यासाठी वेगवेगळे शब्द योजलेले आहेत, आणि वार्ताहर त्यांची सरमिसळ करतात. दिवसाची बैठक थांबली म्हणजे सभागृह ‘तहकूब’ झाले, अधिवेशनच संपले म्हणजे ते ‘संस्थगित’ झाले, आणि विधानसभेची मुदत संपली वा तिच्याआधी तसा आदेश निघाला म्हणजे ती ‘विसर्जित’ झाली. विधान परिषद कधीच विसर्जित होत नाही. तिचे सुमारे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. ग्रंथालय या हिशेबाने विधान परिषदेसारखे आहे. सभासद येतात, जातात, संस्था विसर्जित होत नाही. आपल्या कोषाध्यक्षांना हे सांगून पाहावे.

साधेसरळ

मी वरील सर्वांचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. ग्रंथालय सार्वजनिक आहे, त्याचे वाचक सर्व थरांतले आहेत, आणि पत्रिका त्यांना कळावी यासाठी छापायची आहे. ‘सांगता’ हा शब्द यज्ञाच्या दक्षिणेतून आला आणि ‘समारोप’ अरणीतून, हे समजून घेण्यास चांगले आहे, पण ‘शताब्दी वर्षाचा शेवटचा कार्यक्रम’ असे सरळ छापण्यात काय वावगे आहे? ‘शेवट’ या शब्दाला आपण उगाच दाराबाहेर उभे केले आहे. तुकोबांना ‘शेवटचा दिस गोड व्हावा’ म्हणताना तो चालला, तर आपल्या पत्रिकेला का चालू नये? सप्ताहात आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते आणि लाह्या-दह्याचा काला सर्वांच्या हातावर पडतो. तेथे जमलेल्या कोणालाही शेवट झाला म्हणून वाईट वाटलेले मी पाहिलेले नाही.

यादीच्या प्रश्नाचे माझे उत्तर मात्र अगदी ठाम आहे. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. ते सर्वांना लावणे म्हणजे सर्वांना परस्पर एकाच गावी पाठवणे होय. वारकरी कुटुंबे ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी लिहितात आणि त्यांना कैलास चालत नाही. मुस्लिम सभासदांसाठी ‘पैगंबरवासी’ आणि ख्रिस्ती सभासदांसाठी ‘ख्रिस्तवासी’ असे मराठीत लिहितात. बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ हा शब्द रूढ आहे. ‘महापरिनिर्वाण’ हा शब्द मात्र बुद्धांसाठी आणि 6 डिसेंबर 1956 या दिवसामुळे बाबासाहेबांसाठी राखलेला आहे, तो इतरत्र वापरू नये. एकेका कुटुंबाला विचारून योग्य शब्द लावणे शक्य नसेल, तर यादीच्या माथ्यावर ‘दिवंगत सभासद’ असे एकदाच लिहावे आणि नावे कोणत्याही उपपदाविना द्यावीत. ‘दिवंगत’मध्येही स्वर्ग आहे, हे षष्ठ्यंत सर सांगतीलच, पण तो आता इतका झिजला आहे की कोणाला टोचत नाही.

षष्ठ्यंत

सांगतो तर खरेच: दिवं गतः, म्हणजे स्वर्गास गेलेला. परंतु ‘झिजला आहे’ हे आपले म्हणणे मला मान्य आहे. ज्यांना तोही नको असेल त्यांच्यासाठी ‘स्मृतिशेष’ हा शब्द आहे. आठवणीपुरता उरलेला, एवढाच त्याचा अर्थ. त्यात कोणताही लोक नाही. ग्रंथालयाच्या स्मरणिकेला तो विशेष शोभेल असे वाटते.

‘शेवट’विषयीच्या आपल्या आग्रहाशी मात्र पूर्ण सहमत होता येत नाही. ‘शेवटचा कार्यक्रम’ असे छापले तर वाचक ‘म्हणजे यानंतर कधीच नाही?’ असे विचारील, आणि आपण फिरून कोषाध्यक्षांच्या कुलपाशी येऊ.

दाखलनोंद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालच्या बैठकीत मी हा सर्व मजकूर छापून नेला होता आणि तो मोठ्याने वाचण्यात पाऊण तास गेला. निर्णय झाला, तो असा.

षष्ठ्यंत सरांनी सांगितलेला हिशेब आम्ही खरोखरच मांडला. शताब्दी वर्षासाठी पाच संकल्प केले होते. व्याख्यानमाला झाली, बालविभागाची नवी खोली झाली, स्मरणिका छपाईला गेली, इतिवृत्तांच्या वह्यांची छायाचित्रे काढून झाली. पाचवा संकल्प जुन्या पोथ्यांची व हस्तलिखितांची सूची करण्याचा होता. माळ्यावरच्या पाच पेट्यांपैकी तीन उघडल्या, दोन अद्याप बांधलेल्याच आहेत. हे ऐकून अध्यक्षांनी स्वतःच ‘सांगता’ मागे घेतली. ते एवढेच म्हणाले की, त्या दोन पेट्या उघडून सूची पूर्ण होईल त्या दिवशी चहा ठेवू आणि फलकावर खडूने ‘सांगता’ लिहू. पत्रिकेवर ‘शताब्दी वर्ष समारोप’ एवढेच जाईल. ‘सोहळा’ही काढला, कारण मांडवाचा खर्च कोषाध्यक्षांनी मंजूर केलेला नाही.

यादीच्या माथ्यावर ‘स्मृतिशेष सभासद’ असे लिहून नावे उपपदांविना देण्याचे ठरले. ज्या सदस्यांनी ‘कै.’चा आग्रह धरला होता त्यांच्या आजोबांचे नाव यादीत असून ते माळकरी होते, हे लक्षात आल्यावर त्यांचा विरोध आपोआप मावळला.

माजघर ताईंचा अंदाज अचूक निघाला. आमचे ग्रंथपाल चौतीस वर्षांच्या सेवेनंतर त्याच दिवशी निवृत्त होत आहेत आणि मसुद्यात मी ‘ग्रंथपालांना नारळ देऊन निरोप’ असे लिहून बसलो होतो. ते स्वतः मसुदा तपासताना तेथे थांबले, चष्मा काढून पुसला, आणि काही न बोलता पुढच्या ओळीवर गेले. आता तेथे ‘शाल, श्रीफळ व ग्रंथ देऊन सत्कार’ असे आहे.

बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याची पाळी माझी होती. शेवटची ओळ मी ‘येणेप्रमाणे काम होऊन सभा उठली’ अशी लिहिली आहे. मुद्रित उद्या छापखान्यात देतो. त्यात पुन्हा दोन्ही शब्द एकत्र आले, तर येथे कळवीन.